साठाच्या बेचाळीस ओळी, वर एक

१

फरशी पुसायची माझी एक पद्धत आहे. एक फरशी, एक नाव. डाव्या हातात माळ असते, उजव्या हातात ओला कपडा. कपडा फरशीवरून फिरला की ओठांत एकदा राम, आणि अंगठ्याने एक मणी मागे. माळ पुरी झाली की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. गुडघे आता ऐकत नाहीत, म्हणून बेरिंगची चाकं लावून लाकडाचा एक पाटला करून घेतलाय. त्यावर बसून सरकत जातो. लोक म्हणतात म्हातारा फार हळू काम करतो. हळूच करतो. घाई करून जायचं कुठे आहे.

जागा म्हणजे इंदुरातल्या भंवरकुआंजवळचा अभ्यासाचा हॉल. बाहेर बोर्डावर लायब्ररी लिहिलंय म्हणतात, पण आत पुस्तक एक नाही. पोरं आपापली पुस्तकं घेऊन येतात आणि दिवसभर मान खाली घालून बसतात. आधी हे दौलतरावांचं गोदाम होतं, सियागंजच्या बाजारात जाणारा माल इथे उतरायचा. तेव्हाची फरशी मीच घातली, तीस वर्षं झाली. फूट बाय फूट, कोट्याचा दगड. लांबीला साठ, रुंदीला बेचाळीस. मध्ये खांब नाही. भिंती माझ्या दोरीच्या मापाने उठल्या, त्यामुळे कडेची एकसुद्धा फरशी कापावी लागली नाही. सगळ्या अखंड. दौलतराव तेव्हा तरुण होते. म्हणाले, "मालोजी, खोली बांधलीस की शिवलीस?" ते वाक्य मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

शाळेत मी गेलो नाही. पण साठाच्या बेचाळीस ओळी म्हणजे तेवीस माळा आणि वर छत्तीस मणी, हे माझ्या अंगठ्याला पाठ आहे. छत्तिसाव्या मण्यावर लाल नाडा बांधलाय. दाराजवळच्या कोपऱ्यातली शेवटची फरशी पुसली की अंगठा नाड्यावर येतो. चार वर्षं, रोज सकाळी, सातला हॉल उघडायच्या आत.

संक्रांत होऊन गेली होती. त्या सकाळी शेवटची फरशी पुसली, आणि अंगठ्याखाली नाडा नव्हता. नाडा मागे पडला होता. एका मण्याने.

२

पहिल्या दिवशी वाटलं, खोकल्यात नाव दोनदा घेतलं असेल. दुसऱ्या दिवशी खोकला नव्हता, तरी एक वरच. तिसऱ्या दिवशी उलटीकडून सुरुवात केली, दारापासून आत. शेवट दुसऱ्या कोपऱ्यात झाला आणि अंगठा सदतिसाव्यावर. माळ घरी नेऊन मणी मोजले. एकशे आठ.

आता खरं सांगायचं तर मी घाबरलो नाही. उलट बरं वाटलं. आपल्याकडे शुभाचा आकडा कधी गोल ठेवत नाहीत. अकरा, एकवीस, एकशे एक. वरचा एक कशासाठी, तर पुढचं येणं चालू राहावं म्हणून. मला वाटलं, तीस वर्षांनी फरशीने आपणहून वर एक घातला. कोपऱ्यातल्या त्या शेवटच्या फरशीला मी हळदीकुंकू लावलं, जास्वंदीचं एक फूल ठेवलं.

आणि मग जे करायला नको होतं ते केलं. पलकला तिथे बसवलं.

पलक माझी नात. मुलगा आणि सून दोघंही करोनात गेले, आठ दिवसांच्या अंतराने. तेव्हापासून शहराबाहेर राऊला दोन खोल्यांत आम्ही दोघंच. राज्यसेवेची परीक्षा देते. दोनदा थोडक्यात हुकली. याच हॉलमध्ये बसते, पंख्याखाली. मी काउंटरवरच्या सुनीताला म्हटलं, पलकला दाराजवळचा कोपरा दे.

"काका, पंख्याखालची सीट सोडून कोपरा?" सुनीता म्हणाली. "तिथे तर नेटवर्कपण येत नाही."

"म्हणूनच दे."

"क्या काका. नातीला परीक्षेला बसवताय की तपश्चर्येला?"

"दोन्ही एकच आहे."

"ते फूल कुणी ठेवलंय तिथे? मुंग्या लागतील भिया." इंदुरात काकाही भिया असतो.

फूल मी उचललं. पलकची खुर्ची मात्र तिथेच लागली. त्या फरशीवर तिचे पाय यायचे.

३

मग एक दिवस सहज ओळी मोजल्या. एकेक ओळ वेगळी. साठ. साठ. साठ. शेवटपर्यंत साठ, आणि ओळी बेचाळीस. आडव्या मोजल्या तरी तेच. म्हणजे जास्तीची फरशी कुठल्याच ओळीत नाही. आणि सगळ्या मिळून पुसल्या की एक वर.

त्या दिवसापासून संशय आला. आधी सुनीतावर, की गंमत करते. पण गंमत करणार कशी? मग स्वतःवर. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःवर संशय घेणं सोपं असतं. फरश्यांच्या सांध्यांतून बोट फिरवलं. मसाला माझाच, तीस वर्षं जुना, काळा पडलेला. नवी फरशी कुठेच नाही. सगळ्या माझ्या हातच्या.

पलकच्या लक्षात आलं. जेवताना म्हणाली, "आबा, ओठ हलतायत. घास चावताय की मोजताय?"

सांगितलं. ती हसली नाही, तिला हिशेबाची आवड. तिनेच तोड काढली. रविवारी दुपारनंतर हॉल बंद असतो. घरी दोघांनी बसून काबुली हरभरे मोजले, दोन हजार पाचशे वीस, दोनदा, आलटूनपालटून. डब्यात भरून नेले. एका फरशीवर एक हरभरा. ती आतल्या भिंतीकडून, मी मागे पाटल्यावर, तिची नजर चुकली तर बघायला. कुठे चुकली नाही. कुठे दोन पडले नाहीत.

कोपऱ्यातली शेवटची फरशी आली तेव्हा डबा रिकामा होता. फरशी उघडी.

"सांडला असेल एक," मी म्हटलं.

तिने ओळी मोजल्या. एकेचाळीस ओळींत साठ-साठ. शेवटच्या ओळीत एकोणसाठ. बोटांवर काहीतरी करून ती म्हणाली, "दिसतायत त्यात एक कमी आहे."

"म्हणून म्हटलं, सांडला."

मग आम्ही सगळे गोळा केले. टेबलावर दहा-दहाचे ढीग लावून मोजले. दोन हजार पाचशे वीस. पुरे.

म्हणजे एक हरभरा अशा फरशीवर होता, जी कुठल्याच ओळीत नव्हती. आणि आमच्या दोघांपैकी कुणीतरी तो तिथे ठेवला होता, आणि उचललाही होता.

पलक टेबलावर बसून कागदावर आकडे मांडत राहिली. मी डब्याचं झाकण लावत होतो.

"आबा, दोन हजार पाचशे वीस हा फार मिलनसार आकडा आहे," ती म्हणाली. "दोन-दोन लावा, तीन-तीन लावा, चार, पाच, थेट दहापर्यंत. सगळ्यांत बरोबर बसतो. कुणाला नाही म्हणत नाही."

"आणि वर एक घातला तर?"

"तर कुणाचंच ऐकत नाही. दोनाने लावा, एक उरतो. तीनाने लावा, एक उरतो. दहापर्यंत दर वेळी एकच उरतो. अकराने लावले तर दोन उरतात, तेराने बारा. कितीनेही लावा, काहीतरी बाहेर राहतंच. अभाज्य म्हणतात याला."

"मग त्याची खोली कशी घालायची?"

"नाही घालता येत. खोली म्हणजे इतक्या ओळी, दर ओळीत इतक्या फरश्या. या आकड्याचे असे दोन भागच पडत नाहीत." तिने पेन्सिलीने कागदावर एक लांब रेघ ओढली, कागद संपेपर्यंत. "एकच रीत आहे. सगळ्या एकामागे एक. एक फूट रुंद आणि पाऊण किलोमीटर लांब गल्ली. दोन्हीकडे भिंत."

हे सांगताना ती हसत होती. मग तिने हॉलकडे बघितलं आणि हसणं तिथेच सोडून दिलं.

४

गवंडी माणूस फरशी डोळ्याने तपासत नाही, कानाने तपासतो. थापीची मूठ हळूच आपटायची. भरीव असेल तर टक्क. खाली पोकळ असेल तर डब्यासारखा आवाज येतो. चार सकाळी मी वेळेआधी जाऊन सगळी फरशी वाजवली. सगळ्या भरीव. फक्त एकदा, तिसऱ्या दिवशी, आवाज आधी आला. म्हणजे मूठ माझ्या हातात वर होती आणि टक्क ऐकू आलं, मग माझा हात खाली गेला. कुठली फरशी होती ते लगेच परत वाजवून बघितलं. टक्क. बाजूची, टक्क. त्या अख्ख्या ओळीत काही नव्हतं.

म्हातारपणी कानही मागेपुढे होतात. स्वतःला तसं सांगितलं.

पलकची जागा बदलून द्यायला मी सुनीताकडे गेलो. पलकच नको म्हणाली. आता ती सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या शेवटी निघायची. पुस्तक उघडं असायचं, पण पान तेच. घरी चालताना एका पावलापुढे दुसरं पाऊल अगदी सरळ ठेवायची, पोरी विटेवरून चालायचा खेळ खेळतात तसं. स्वयंपाकघरातून माझ्या खाटेपर्यंत यायला तिला फार वेळ लागतोय, असं मला वाटायला लागलं. घर तर दोनच खोल्यांचं.

"परीक्षेचं काय पलक?"

"होईल आबा." मग पावलापुढे पाऊल ठेवत, "आपण ओळी-ओळींनी बघतो ना, म्हणून ती जास्तीची दिसत नाही. एकाच ओळीने बघायला शिकलं की दिसते."

"तू नको शिकूस."

"थोडंच राहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी दौलतरावांकडे गेलो. आता ते थकलेत, पण खुर्चीतून उठून मला बस म्हणाले. मी म्हटलं, साहेब, हॉलची फरशी उखडा. माझी मजुरी नको, दुसऱ्याकडून करून घ्या, पण उखडा.

"मालोजी, तीस वर्षं झाली, तिचा एक कोपरा हलला नाही," ते म्हणाले. "स्वतःच्या हातचं काम तोडायला सांगणारा कारीगर मी पहिल्यांदा बघतोय. काय झालं?"

"एक जास्त आहे," मी म्हटलं.

"जास्त आहे ना? कमी तर नाही? मग राहू दे."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

५

रंगपंचमीला हॉल बंद. सगळं इंदूर राजवाड्याकडे गेरीची मिरवणूक बघायला गेलेलं. सकाळी मी पलकच्या कपाळावर गुलाल लावला. ती निळी ओढणी घेऊन मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाली. दुपारी एकपर्यंत आली नाही. फोन लावला तर नेटवर्कच्या बाहेर. मग भिंतीवरच्या किल्ल्यांच्या खिळ्याकडे बघितलं. हॉलची दुसरी किल्ली नव्हती.

रिक्षावाला रंगलेला, गाणी लावून बसलेला. भंवरकुआंपर्यंत त्याने मला दोनदा विचारलं, बाबा, तब्येत ठीक है ना.

शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेलो. दिवे बंद, छताच्या काचेतून दुपारचा उजेड येत होता. पलकची खुर्ची दारापासून चार पावलांवर. पण मी आत पाय टाकला तेव्हा चार पावलांवर खुर्ची नव्हती. हॉलच नव्हता. पुढे एका फरशीएवढी वाट होती, दोन्ही खांदे भिंतीला लागतील एवढी, आणि फार लांब, बोटाएवढी, पाठमोरी पलक. निळी ओढणी.

डोळे मिटले, उघडले. हॉल. टेबलं, खुर्च्या, साठाच्या बेचाळीस ओळी. चार पावलांवर पलक बसलेली.

"पलक, चल घरी."

ती उठली. चार पावलं चालून आली. पण तिच्या चपलांचा आवाज चारदा नाही आला. तो येतच राहिला. ती समोर उभी राहिल्यावरही येत राहिला, दुरून, एकसारखा, सावकाश. मी सवयीने मोजायला लागलो आणि कितीवर चुकलो तेही आठवत नाही. मग थांबला.

तिने माझा हात धरला. हात गरम, बोटाला पेनची शाई. मला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांना पाणी आलं. बाहेर आलो. एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने मी शटर ओढायला वाकलो, आणि खालच्या फटीतून आत दिसलं.

खुर्चीवर पलक बसली होती. निळी ओढणी. मान खाली. तिने मान वर केली. कपाळावर सकाळचा गुलाल, माझ्याच बोटाचा, डावीकडे थोडा ओघळलेला.

"आबा, थांबा ना," आतून आवाज आला.

मी बाजूला बघितलं. माझा हात धरलेल्या पलकचे ओठ मिटलेले होते. गुलाल डावीकडे थोडा ओघळलेला.

"चला आबा," ती म्हणाली.

आणि शटर खाली आलं. मी ओढलं की रोजच्या सवयीने हातानेच ओढलं, हे मला अजून ठरवता येत नाही. लगेच वर केलं. तेवढ्यात काय वेळ गेला असेल? खुर्ची रिकामी होती. हॉलमध्ये फिरून आलो, टेबलांखाली वाकून बघितलं. पलक दारात उभी राहून बघत होती.

"कोण आहे आबा?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

६

दुसऱ्या सकाळी सगळी फरशी पुसली. तेवीस माळा, सदतीस मणी. एक वरच.

मग मी पाटल्यावर बसून विचार केला, जेवढा मला येतो तेवढा. जास्तीची होती ती अजून इथेच आहे. म्हणजे मी घरी नेली ती आपली पलक. हिशेब बरोबर. तासभर मन शांत राहिलं. मग दुसरा विचार आला. जास्तीची बाहेर पडली, आणि तिच्या जागी दुसरी कुणी आत राहिली, तरीही मणी सदतीसच येणार.

घरी पलक ठीक आहे. ठीक म्हणजे आधीपेक्षा ठीक. सरळ चालायचा खेळ संपला. अभ्यास करते, पोटभर जेवते, सुनीताची नक्कल करून मला हसवते. मी तिला आडून आडून विचारत राहतो. बापाचं टोपणनाव, शाळेतल्या बाईंचं नाव, कोपरावरची खूण कशाची. सगळं बरोबर सांगते, एकदाही अडत नाही. कशातच खोट नाही. पण त्या फरशीतही खोट नव्हती. बाकीच्या फरश्यांसारखीच होती, म्हणून तर सापडली नाही.

आणि एखाद्या पोरीत खोट नाही म्हणून तिच्यावर संशय घ्यायचा, हे कुठल्या आजोबाला शोभतं? तिची आई असती तर तिने मला चांगलं सुनावलं असतं.

पण सकाळी हॉलमध्ये गेलो की हात आपोआप हलका होतो. आधी मी कपडा दाबून फिरवायचो. आता लहान मुलाचं तोंड पुसावं तसं पुसतो. एकेक फरशी. पाणी कोमट करून नेतो. सुनीता म्हणते, काका, फरशी आहे, पाळण्यातलं बाळ नाही. कुठल्या फरशीखाली कान असेल, मला काय माहीत. प्रत्येक फरशीला मी रामाच्या नावाआधी हळूच पलकचं नाव घेतो.

काल दौलतरावांनी बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "मालोजी, तुझं ऐकायचं ठरवलं. मुलगाही मागे लागलाय, चकचकीत मोठ्या टाइल्स टाकू म्हणतो. सोमवारी माणसं येतील, मशीन लावून दोन दिवसांत सगळं फोडून काढतील."

मी म्हटलं, "साहेब, नको."

"अरे, तूच तर आला होतास."

"चूक झाली माझी. फरशी चांगली आहे. अजून तीस वर्षं जाईल."

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. वाईट वाटलं असावं त्यांना. "ठरलंय आता," ते म्हणाले.

घरी आलो. पलक गरम पोळी ताटात टाकत होती. तिला सांगितलं, सोमवारी हॉलची फरशी फोडणार आहेत म्हणून. ती तव्याकडे वळली, दुसरी पोळी उलटली.

"फोडू द्या ना आबा. तुम्हालाच तर हवं होतं."

"आता नको वाटतं."

"का?" पोळी चिमट्यात धरून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. चेहऱ्यावर हसू होतं, नेहमीचंच. "आता काय राहिलंय तिथे?"

"काही नाही, बेटा," मी म्हटलं.

तिला नावाने हाक मारणं मी टाळलं होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. ते माझ्या लक्षात येईपर्यंत तिच्या लक्षात आलेलं होतं.